लाइट यांचे शब्द, मंक यांची चाल

सप्टेंबर 1847 मधल्या एका रविवारी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रिक्सम या मासेमारीच्या बंदरात, हेन्री फ्रान्सिस लाइट नावाच्या पाळकाने आपल्या मंडळीपुढे शेवटचे प्रवचन केले. क्षयाने शरीर पोखरले होते. घरच्यांनी नको म्हटले तरी ते व्यासपीठावर उभे राहिले. त्याच संध्याकाळी त्यांनी एका जवळच्या नातलगाच्या हाती आपली एक कविता ठेवली आणि त्या कवितेसाठी स्वतः बांधलेली चालही सोबत दिली. ही हकिकत त्यांच्या मुलीने 1850 साली वडिलांच्या उरलेल्या लेखनाचा संग्रह काढताना नोंदवून ठेवली आहे. थोड्याच दिवसांत लाइट हवापालटासाठी दक्षिणेकडे निघाले आणि 20 नोव्हेंबरला आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नीस येथे वारले. त्यांची कबरही तिथेच आहे.

ती कविता म्हणजे 'अबाइड विथ मी'. इंग्रजी बोलणाऱ्या जगात तिच्याइतकी ओळखीची ख्रिस्ती भक्तिगीते हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. लाइट यांनी स्वतः बांधलेली चाल मात्र कोणी गात नाही. आज हे गीत ज्या सुरांत ऐकू येते, ते सूर लाइट यांनी कधी ऐकलेच नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर 14 वर्षांनी लंडनच्या एका ऑर्गनवादकाने ते बांधले. त्याचे नाव विल्यम हेन्री मंक. गीताची कीर्ती सांगताना बहुतेक जण लाइट यांच्यापाशी थांबतात. वास्तविक या गीताला रणभूमीवर, फुटबॉलच्या मैदानात आणि दिल्लीच्या विजय चौकात नेले ते मंक यांच्या चालीने.

लाइट हे कवी म्हणून सामान्य नव्हते. 1793 साली स्कॉटलंडमधल्या एडनम गावी जन्म, आयर्लंडमध्ये शिक्षण, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असताना कवितेची बक्षिसे, असा त्यांचा प्रवास झाला. ब्रिक्समला ते 1824 च्या सुमारास आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. त्यांची मंडळी कोळी, खलाशी आणि त्यांच्या बायकामुलांची. त्या मुलांसाठी त्यांनी रविवारची शाळा भरवली आणि उपासनेसाठी गीते लिहिली. 'अबाइड विथ मी'चा आधार लूककृत शुभवर्तमानाच्या 24 व्या अध्यायात आहे. अम्माऊस गावच्या वाटेवर दोन शिष्यांना एक अनोळखी वाटसरू भेटतो. दिवस कलत आलेला असतो, म्हणून ते त्याला आपल्याकडे मुक्कामाचा आग्रह करतात. तो पुनरुत्थित येशू आहे हे त्यांना पुढे भाकरी मोडताना कळते. लाइट यांनी या साध्या आदरातिथ्याच्या प्रसंगातली संध्याकाळ उचलली आणि ती आयुष्याची संध्याकाळ केली. मूळ कविता आठ कडव्यांची आहे. ती 1847 मधली नसून त्याच्या कितीतरी आधी, 1820 मध्ये, एका मरणासन्न मित्राच्या उशाशी बसून आल्यावर लिहिली, असाही एक दावा पुढे आला. तो वाद बाजूला ठेवला तरी कविता लोकांसमोर आली ती लाइट यांच्या अखेरच्या दिवसांतच, आणि वाचकांनीही ती त्या मृत्यूशी जोडूनच वाचली.

पण भक्तिगीत हे वाचण्यासाठी नसते. मंडळीला ते गाता आले पाहिजे, आणि मंडळीत सुरेल गळे थोडे असतात.

इथे इंग्रजी भक्तिगीतांची जुनी रीत समजून घ्यावी लागते. गीताच्या प्रत्येक ओळीत किती अक्षरे आहेत ते मोजून त्याचे माप ठरवले जाई. त्या मापाची कुठलीही चाल त्या गीताला बसे. चालींना स्वतंत्र नावे असत, आणि एकच गीत या गावात एका चालीत तर त्या गावात दुसऱ्या चालीत गायले जाई. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून दुसऱ्या एखाद्या माहितीच्या गाण्याचा निर्देश केलेला असे, आणि वाचणारा त्या सुरावर नवे पद म्हणून पाही. इंग्लंडातही गीतांची पुस्तके बहुधा शब्दांपुरतीच छापली जात. चाल कोणती घ्यायची हे ऑर्गनवादक आणि पाळक ठरवत.

ही मोकळीक 1861 साली बरीचशी संपली. सर हेन्री विल्यम्स बेकर या पाळकाच्या पुढाकाराने 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हा संग्रह निघाला. त्यात 273 गीते होती आणि संगीताच्या आवृत्तीत प्रत्येक गीताला ठरलेली चाल, चार आवाजांच्या स्वरलेखनासह, शब्दांच्या पानावरच छापलेली होती. संगीताचे संपादक होते मंक. 1823 मध्ये लंडनला जन्मलेला हा माणूस तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि स्टोक न्यूइंग्टनच्या सेंट मथायस चर्चमध्ये संगीताची जबाबदारी सांभाळत होता. संग्रहाचे नावही त्यांनीच सुचवले असे म्हणतात. जुन्या लॅटिन गीतांपासून जर्मन कोरालपर्यंत आणि जॉन बॅकस डाइक्स यांच्यासारख्या समकालीन रचनाकारांच्या ताज्या चालींपर्यंत सगळे एका बांधणीत आणणे, हे त्यांचे काम. संग्रह अफाट खपला. पुढच्या काही दशकांत इंग्लंडची खेडी आणि साम्राज्याची ठाणी एकाच पुस्तकातून, एकाच चालीत गाऊ लागली.

या संग्रहात लाइट यांचे गीत आहे, तेही कडवी गाळून. चाल मंक यांची, नाव 'इव्हनटाइड'. ती कशी सुचली याच्या दोन कथा आहेत. एका कथेत संपादक मंडळाची बैठक संपत आलेली असते, या गीताला योग्य चाल नाही हे ध्यानात येते आणि मंक दहा मिनिटांत ती लिहून देतात. दुसरी कथा त्यांच्या पत्नीने सांगितलेली. घरात मोठे दुःख झालेले, दोघे मिळून मावळता सूर्य पाहत उभे, आणि अंधार पडता पडता मंक यांनी कागद ओढून सूर टिपले. बैठकीची कथा संपादकाच्या हातोटीला शोभते, पत्नीची कथा गीताला शोभते. दोन्हींना एकदम खरे असायलाही हरकत नाही. जे सूर मनात आधीच तयार असतात, तेच दहा मिनिटांत कागदावर उतरतात.

चालीकडे नीट पाहिले की मंक यांची समज कळते. छापील पानावर ती ई फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी दोन. संपूर्ण सुरावट षड्ज ते धैवत एवढ्या सहा स्वरांच्या पट्ट्यात फिरते. षड्जाखाली ती उतरत नाही, धैवताच्या वर चढत नाही आणि निषादाला स्पर्शही करत नाही. म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला, रडून घसा बसलेल्याला, कोणालाही ती गाता येते. सुरुवात गंधारावर होते, तिथून षड्जापर्यंत उतरते आणि मग एकदम पंचमावर जाते. ही उडी सोडली तर पहिल्या ओळीत सूर एकेक पायरीने चालतात. दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीव्र मध्यम एकदाच लागतो आणि लगेच पंचमात विरतो. सगळ्या गाण्यात हाच एक परका स्वर आहे. अंधार दाटून येण्याचा उल्लेख नेमका याच ओळीत आहे, आणि एवढ्या एका स्वराने गाणे क्षणभर घराबाहेर पाऊल टाकल्यासारखे होते. तिसरी ओळ पहिलीसारखीच सुरू होते पण षड्जाजवळच्या रिषभावर अडखळते. चौथी ओळ तिथूनच उचलून गाण्याला षड्जावर आणून सोडते.

लय तर याहून साधी. पहिल्या तीन ओळींची लय अगदी सारखी आहे, चौथीत ती थोडी बदलते, पण प्रत्येक ओळ सोळा मात्रांचीच. आपल्याकडच्या श्रोत्याने तीनतालाच्या आवर्तनात ती मोजून पाहावी, चपखल बसते. एक दोषही सांगायला हवा. ओळीतले पहिले अक्षर इंग्रजी बोलण्यात बहुतेक वेळा हलके असते, आणि मंक यांनी त्यालाच दोन मात्रांचा लांब स्वर दिला आहे. उच्चाराच्या दृष्टीने हे चुकीचेच. तरीही त्या रेंगाळण्यामुळेच ओळ म्हणणारा प्रत्येक वेळी थोडा थबकतो, आणि हजारो माणसे एकत्र गात असताना त्या थबकण्यात सगळ्यांना एकमेकांना गाठायला वेळ मिळतो. दोष म्हणून सुरू झालेली गोष्ट समूहगानात गुण ठरली, असे मला मनापासून वाटते.

चाल पक्की झाल्यावर गीत चर्चच्या दाराबाहेर पडले. 12 ऑक्टोबर 1915 च्या पहाटे ब्रुसेल्समध्ये इंग्रज परिचारिका एडिथ कॅव्हेल यांना जर्मन सैन्याने गोळ्या घातल्या. जखमी आणि अडकलेल्या सैनिकांना पळून जायला मदत केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. आदल्या रात्री त्यांच्या कोठडीत गेलेले पाळक स्टर्लिंग गॅहन यांनी नंतर सांगितले की, त्या दोघांनी मिळून याच गीताचे शब्द म्हटले. युद्धाच्या त्या चार वर्षांत खंदकांत आणि दफनविधीत ते किती वेळा म्हटले गेले असेल याची गणती नाही.

बारा वर्षांनी ते अगदी वेगळ्या गर्दीत पोचले. 23 एप्रिल 1927 रोजी वेम्बली मैदानावर एफए कपचा अंतिम सामना होता, आर्सेनलविरुद्ध कार्डिफ सिटी. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांनी एकत्र गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात 'अबाइड विथ मी' होते. त्या दिवशी कार्डिफने 1-0 ने कप जिंकला. गीत मात्र तेव्हापासून त्या सामन्याच्या परंपरेचा भाग झाले. पुढे रग्बी लीगच्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यानेही ते उचलले. मृत्यूची प्रार्थना फुटबॉलच्या उत्साहात का रुजावी, हा प्रश्न पडतो. पहिले महायुद्ध संपून तेव्हा दशकही झाले नव्हते. त्या मैदानात उभ्या असलेल्या पुरुषांपैकी अनेकांनी हे सूर आपल्या सोबत्यांच्या कबरीपाशी गायले असणार. वेम्बलीत त्यांना शब्द आठवावे लागले नाहीत.

याचा अर्थ असा नव्हे की मंक यांची चाल एकमेव होती. सॅम्युअल लिडल यांनी याच शब्दांवर एकल गायनासाठी स्वतंत्र रचना केली आणि क्लारा बट यांच्या भारदस्त आवाजाने ती मैफलींत गाजली. अमेरिकेचे चार्ल्स आइव्ह्ज यांनी तरुणपणी आपली चाल बांधली. दोन्ही रचना गुणी आहेत, पण त्या गायकाच्या आहेत, मंडळीच्या नाहीत. याउलट मंक यांच्या सुरांना कुठेही थारा मिळतो. गुस्ताव माहलर यांच्या नवव्या सिम्फनीचा शेवटचा संथ भाग ऐकताना कित्येकांना 'इव्हनटाइड'ची आठवण होते. हा योगायोग असेल, पण साम्य कानाला जाणवते. 1957 साली न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक थेलोनिअस मंक यांनी 'मंक्स म्युझिक' हा अल्बम केला. जॅझच्या त्या धाडसी अल्बमची सुरुवात होते ती 'अबाइड विथ मी'ने. पियानो नाही, ढोल नाहीत, फक्त चार वाद्ये फुंकीची, त्यांत कोलमन हॉकिन्स आणि जॉन कोल्ट्रेन यांचे सॅक्सोफोन. एका मिनिटाच्या आत संपणारा हा तुकडा एका मंक यांनी दुसऱ्या मंक यांना दिलेला मान आहे. इथेही शब्द नाहीत.

भारतात हे गीत मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्या पलटणींच्या सामानातून आले. इंग्रजी उपासनेत ते रुळायला अडचण आली नाही. मराठी मंडळीपुढे मात्र वेगळा पेच होता. इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ पाश्चात्त्य चालींवर म्हटली की मराठी अक्षरांची ऱ्हस्वदीर्घता आणि चालीतला आघात यांचे जमत नसे. जे अक्षर बोलताना आखूड ते सुरात लांब होई आणि अर्थ लंगडू लागे. मंक यांच्या चालीतले ते पहिले लांब अक्षर इंग्रजीत खपून गेले, पण मराठीत अशी प्रत्येक जागा कानाला टोचते.

यावरचा उपाय मराठी कवींनी शोधला. कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींत ख्रिस्ती पदे लिहिली. त्यांच्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म 1861 चा, म्हणजे 'इव्हनटाइड' छापली गेली त्याच वर्षीचा. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनसोबत काम करताना शेकडो भजने लिहिली. ती अभंगात, ओवीत, पदांत होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि त्यांच्या भजनांची चालही त्याच पुलावरून आली. झांज-टाळ घेऊन म्हणता येतील अशी ही गीते 'उपासना संगीत'मधून आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. टिळकांनी पाश्चात्त्य चाली वाईट ठरवल्या नाहीत. आपल्या भाषेला आपली चाल लागते हे त्यांनी करून दाखवले. ब्रिक्समच्या कोळ्यांना जे हवे होते तेच नगरच्या मंडळीलाही हवे होते, न शिकता गाता येईल असे गाणे.

भारतात 'इव्हनटाइड'ला मोठे घर मिळाले ते मराठी चर्चमध्ये नव्हे, तर प्रजासत्ताकाच्या सोहळ्यात. गांधीजींच्या आवडत्या ख्रिस्ती गीतांत 'अबाइड विथ मी'ची गणना होते. साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचे संगीत सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांनी सिद्ध केलेल्या आश्रम भजनावलीत संतांच्या अभंगांबरोबर इंग्रजी भक्तिगीतांनाही जागा होती. प्रार्थनेला धर्माची भिंत नसावी हा गांधीजींचा आग्रह होता, आणि या गीताला स्वतंत्र भारतात जो मान मिळाला त्यामागे तो आग्रह होता.

प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यांची सांगता 29 जानेवारीला विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट'ने होते. पूर्वी सूर्यास्ताला युद्ध थांबवून सैन्य छावणीत परत बोलावण्याची जी रीत होती, तिचा हा समारंभी अवतार. 1950 च्या दशकापासून तिन्ही दलांचे बँड तिथे एकत्र वाजवत आले. कार्यक्रमाच्या अखेरीस 'अबाइड विथ मी'ची वेळ येई. वाद्यवृंदाचा आवाज हळू होई आणि घंटांचे सूर त्याला उत्तर देत. मग बिगुलावर रिट्रीट वाजे, झेंडे उतरवले जात आणि 'सारे जहाँ से अच्छा'च्या तालावर बँड परत जात. इतकी वर्षे तिथे एक शब्दही गायला गेला नाही. समोर बसलेल्या आणि दूरदर्शनवर पाहणाऱ्या लाखो भारतीयांना लाइट यांची कविता ठाऊक नव्हती. त्यांनी ऐकले ते फक्त मंक यांचे सोळा-सोळा मात्रांचे चार तुकडे. दिवस संपतो आहे एवढे त्यांना त्यातून कळत होते.

2020 मध्ये हे गीत वगळणार अशी बातमी आली, पण त्या वर्षी ते वाजले. 2022 मध्ये ते खरोखर वगळले आणि त्याच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आले. भारतीय सोहळ्यात भारतीय धून असावी, असे समर्थक म्हणाले. गांधीजींची आठवण पुसली जाते आहे, असे विरोधक म्हणाले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण संगीताच्या बाजूने बोलायचे तर घंटांची ती साद गेली ही हानी खरी आहे आणि तिची भरपाई दुसऱ्या कुठल्या सुंदर गाण्याने होत नाही.

नवे गाणेही मोठेच आहे. चीन युद्धातल्या शहिदांसाठी प्रदीप यांनी ते लिहिले आणि जानेवारी 1963 मध्ये दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकरांनी ते गायले. चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांची. इथेही गाण्याचे श्रेय वाटताना लोक लताबाईंपाशी किंवा कवीपाशी थांबतात आणि चाल बांधणाऱ्याचे नाव मागे राहते. दोन चालींत मात्र एक फरक आहे. विजय चौकात बँडने चितळकरांची धून वाजवली की ऐकणाऱ्याच्या मनात प्रदीप यांचे शब्द आपोआप उमटतात. त्या शब्दांवाचून ती धून अर्धी आहे, कारण ती शब्दांच्या मागे मागे जाऊन बांधलेली आहे. मंक यांच्या धुनेमागे त्या चौकात असे कोणतेही शब्द उभे नव्हते. ब्रिक्समच्या चर्चच्या घंटाही संध्याकाळी 'अबाइड विथ मी' वाजवतात. लाइट यांनी ज्या मंडळीची सेवा केली तिच्याच मनोऱ्यावरून वाजणारी ती चाल मंक यांचीच आहे.